दोरीवर नसलेले लंगोट

पावसाने महिनाभर मुक्काम ठोकला की आमच्या भांडुपच्या बाजारात किराणा दुकानांच्या दारात डांबरगोळ्यांची पाकिटं लटकायला लागतात. घरोघर कपाटांना कुबट वास सुटलेला असतो, ठेवणीतल्या साड्यांची काळजी लागलेली असते, त्यामुळे खपतातही भराभर. मी त्या बाजूने चालत नाही. पलीकडच्या फुटपाथवरून जाते. फुटपाथ कसला, चिखल आणि आडव्यातिडव्या लावलेल्या स्कूटर; पण तिथूनच जाते. माझी सून हसते. "आई, तुम्ही रिक्षावाल्यांशी भांडता, सोसायटीच्या सेक्रेटरीला गप्प करता, आणि डांबरगोळीला घाबरता?" मी म्हणते, वास सहन होत नाही गं. खोटं नाही ते. पुरतं खरंही नाही.

परवा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नात आता सव्वा महिन्याची आहे. "हे बघा ना आई, कापडी डायपर. आता सगळ्याजणी पुन्हा हेच घेतायत. बटणं आहेत, लहानमोठं करता येतं, आत घालायची पट्टी वेगळी." मी चष्मा लावून पाहिलं. निळ्या कापडावर पिवळे हत्ती. एक बांबूच्या धाग्याचा, एक सुती, एकाला तीन थर, एकाला पाच. कुठला घ्यावा म्हणून ती आठवडाभर झोप घालवून बसली होती, आणि मला तिची दया आली, कारण काळजी तीच होती, फक्त हत्ती नवीन. "या पावसात वाळणार आहेत का हे?" मी विचारलं. ती म्हणाली, वाळतील हो, पंख्याखाली. आणि मग सहज म्हणाली, "आतल्या पट्टीला जुनं धुतलेलं कापड बेस्ट म्हणतात. तुमच्याकडे ठेवणीतलं एखादं धोतर असेल ना?"

"नाही," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात. मांडीवरची पोर दचकली.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील तेव्हाची गोष्ट. आम्ही टेकडीच्या बाजूला, दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. गिरणी बंद पडल्यावर माझ्या नवऱ्याला मरोळच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. तो सकाळी छत्री घेऊन निघायचा तो अंधार पडल्यावर भिजून यायचा. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे माझं पहिलं बाळंतपण सासूबाईंनीच केलं. त्या मूळच्या मालवणकडच्या. चाळीस वर्षं मुंबईत काढून बोलणं मात्र तिकडचंच. बाळ झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या नणंदेने आणलेले नव्या मलमलीचे डझनभर लंगोट उचलून बाजूला ठेवले. "नव्या कापडाक खळ असता गो. पोराचा आंग सोलून निघतला."

तेव्हा लंगोट या विषयावर प्रत्येकाला मत होतं. नणंदेचं म्हणणं, शहरात राहतो तर दुकानातलं वापरा. खालच्या मजल्यावरच्या ॲग्नेसमावशी, मरोळच्या जुन्या गावठाणातल्या, त्यांनी टर्किश टॉवेलच्या सहा चौकोनी नॅप्या दिल्या आणि त्या लावायला बोटभर लांबीच्या सेफ्टी पिना. "झकास असतात बघ, दोन तास बघायला नको." ती पिन उघडली तर? बाळाने पाय झाडला तर? रात्रंदिवस मला ती उघडी पिन दिसायची. शेवटी नॅप्या मी बाळाच्या खाली अंथरायला घेतल्या आणि पिना डब्यात टाकून डबा माळ्यावर ठेवून दिला. जिंकल्या त्या सासूबाई. लंगोट जुन्या कापडाचे. कापड कात्रीने कापायचं नाही, हाताने टरकवायचं. कडेला शिवण घालायची नाही, टोचते. एका टोकाला नाडी. त्रिकोण करून बाळाखाली सरकवायचा, दोन टोकं बाजूने आणि एक मधून वर, की झालं. पहिले आठ दिवस माझा त्रिकोण कधी सरळ बसलाच नाही. सासूबाई काही न बोलता यायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या.

आणि धुण्याचे नियम वेगळेच. बाळाचे कपडे आपल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. दिवेलागणीनंतर बाहेर दोरीवर राहू द्यायचे नाहीत. आणि घट्ट पिळायचे तर नाहीतच. "पिळलंस तर पोटात पीळ पडता पोराच्या." आता सांगा, त्या पावसात, न पिळलेला लंगोट वाळायचा कधी? पाणी ठिबकत राहायचं, खाली पातेलं, पातेल्यात टपटप. स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार दोऱ्या होत्या. भाकरी करताना लंगोट माझ्या कपाळाला लागायचे. कुकरच्या झाकणावर लंगोट, पितळी डब्यांवर लंगोट. धुरीच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दोन-दोन पसरायचे, ते धुराने पिवळट व्हायचे, पण कोरडे व्हायचे. बाळ दिवसाला वीस-बावीस लंगोट ओले करायचं. मी मोजायचे. धुतलेले किती, ओले किती, दमट किती, अंगाला लावण्यासारखे किती. शेवटचा आकडा तीनच्या खाली गेला की मला घाम फुटायचा. हसू नका. ज्या घरात बाळ आहे आणि कोरडा लंगोट नाही, त्या घरातल्या बाईलाच ते कळेल. बाळाने ओठ दुमडले तरी मी घाबरायचे, आता हे करणार, आता पुन्हा लंगोट, आता आणणार कुठून.

बाळ वीस दिवसांचं असताना तो आकडा एकावर आला. तीन दिवस सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी पलंगाखालची काळी ट्रंक ओढली.

त्या ट्रंकेत माझ्या सासऱ्यांची धोतरं होती. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले होते, आयुष्यभर गिरणीत उभे राहून, एक दिवस आजारी न पडता. त्यांची धुतलेली पाच-सहा धोतरं सासूबाईंनी घड्या घालून जपली होती आणि प्रत्येक घडीत दोन-दोन डांबरगोळ्या. झाकण उघडलं आणि सगळी खोली त्या वासाने भरली. मला तेव्हा तो वास आवडायचा. स्वच्छ वाटायचा. दमट कपड्यांच्या त्या कुबटपणात एकदम कोरडं, टापटीप काहीतरी आल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी एक धोतर गालाला लावून पाहिलं, क्षणभर तसंच धरलं आणि मग टर्रकन फाडलं. "आजोबांचा आयुष्य लागांदे त्येका," म्हणाल्या. दोन धोतरांचे चौदा लंगोट झाले. मऊ म्हणजे किती मऊ, दुधावरच्या सायीसारखे.

"पाण्यातसून काढ गो एकदा," त्या म्हणाल्या. "वास जाऊंदे." आणि अंघोळीला गेल्या.

मी ते चौदा तुकडे हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. चारही दोऱ्या भरलेल्या. हे चौदा भिजवायचे म्हणजे ओल्यात आणखी चौदा. कोरडे हातात आलेत आणि मीच ते ओले करू? धुतलेलेच तर आहेत. मी इस्त्री काढली, एकेक तुकडा गरम करून घडी केली. वाफेसारखा तो वास वर आला, डोळ्यांना झोंबला, मी खिडकी उघडली. तेवढ्यात मोरीतून सासूबाईंची हाक आली, "पाण्यातसून काढलंस ना गो?"

"हो, काढले," मी म्हटलं.

दोन शब्द. बाळाला कुशीत घेतलं, गरम लंगोट त्याच्या ढुंगणाला लावला तर त्याने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई तेल लावायला बसल्या. पायांवर बाळ पालथं घातलं, लंगोट सोडला आणि थांबल्या. तो लंगोट त्यांनी खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. "ह्यो रंग कसलो गो?" मी पाहिलं. पांढऱ्या धोतरावर चहा सांडल्यासारखा डाग. चहाही बिनदुधाचा, काळपट. मग आम्ही दोघींनी बाळाकडे पाहिलं. खोलीत दिवसाही बल्ब लावलेला असायचा, त्या उजेडात सगळेच पिवळे दिसायचे, म्हणून लक्षात आलं नव्हतं. दारात नेऊन त्याची पापणी उघडली तर डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा. आणि ओठ पांढरे. सकाळपासून तो रडला नव्हता, आणि मी मूर्ख, शहाणं झालं म्हणून खूश होते.

सासूबाईंनी चप्पलसुद्धा घातली नाही. "चल. आत्ताच्या आत्ता. आणि ह्यो लंगोट पिशयेत घे."

त्या लंगोटाने माझं पोर वाचवलं असं मी अजून म्हणते. हॉस्पिटलातले लहान मुलांचे डॉक्टर बाळाला तपासत होते, कपाळावर आठी. सासूबाईंनी पिशवीतून लंगोट काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी डाग पाहिला. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी तो लंगोट उचलून नाकाला लावला.

"हे कापड डांबरगोळ्यांत ठेवलेलं होतं?"

सासूबाईंनी मान डोलावली. ते म्हणाले, काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. एरवी कळतही नाही. पण अशा मुलांना डांबरगोळी चालत नाही, तिचा अंश अंगात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. कावीळ त्याचीच, हा डागही त्याचाच. रक्त बदलावं लागेल. कागदावर सही लागेल, वडिलांना बोलवा. आणि मग त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, लिहिता लिहिता, "वापरण्याआधी धुतलं नव्हतं?"

बोल, बोल, असं आतून कोणीतरी ओरडत होतं. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या डॉक्टरांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ट्रंक माझी. कापड मीच काढलंय."

झालं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं लिहिलं. माझं बोलायचं तोंडातच राहिलं.

ते पाच दिवस मला सलग आठवत नाहीत. काचेच्या पेटीत निळ्या उजेडाखाली ते एवढंसं पोर, डोळ्यांवर काळी पट्टी, अंगावर एक लंगोट, तोही हॉस्पिटलचा. नवऱ्याने रक्त दिलं, आणि रक्त देऊन आल्यावर जिन्यात बसून तो रडला. मी त्याला रडताना तेवढंच पाहिलं. मला दूध काढून वाटीत द्यायला सांगितलं होतं. सासूबाई पेजेचा डबा घेऊन यायच्या, समोर बसायच्या, शेवटचा घोट घेईपर्यंत उठायच्या नाहीत. डॉक्टरांची फेरी होईपर्यंत वापरलेला प्रत्येक लंगोट ठेवून द्यायचा होता, रंग पाहण्यासाठी. घरी ज्या ओल्या लंगोटांचा मला वैताग यायचा, ते इथे मी दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी न्यायचे. काळा चहा. काळाच. जरा फिका आहे का? नाही, उजेड जास्त आहे. देवा, फिका कर. मी तेव्हा बाळाच्या जिवाचं मागणं मागितलंच नाही, तेवढं धैर्यच नव्हतं. मी फक्त रंगाचं मागायचे.

नणंद दुसऱ्या दिवशी आली. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत तिने आईला फैलावर घेतलं. "गेलेल्या माणसाचं धोतर, आणि तेही डांबरगोळ्यांतलं, तान्ह्या पोराला? मी नवे लंगोट आणले होते ना? अक्कल कुठे ठेवली होतीस आई?" सासूबाई बाकावर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी शेजारीच होते. मी म्हणू शकले असते, ताई, त्यांनी धुवायला सांगितलं होतं, मी धुतले नाहीत, वर खोटं बोलले. मी म्हटलं, "ताई, चहा घेता का?"

चौथ्या दिवशी दुपारी नर्सने लंगोट हातात दिला. मी सवयीने खिडकीपाशी नेला. डाग दिसेना. मी उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नुसतं ओलं, पाण्यासारखं ओलं. मी तो ओला लंगोट डोळ्यांना लावला. नर्स म्हणाली, "अहो बाई, काय करताय?" पण ती हसत होती.

पोरगा वाचला. आज तो छत्तीस इंचाचा पट्टा लावतो आणि डांबरगोळीचं नाव काढलं की म्हणतो, "आईचं सुरू झालं." डॉक्टरांनी दिलेली, काय चालत नाही त्याची यादी मी अजून पर्समध्ये ठेवते, चौथ्यांदा कॉपी केलेली.

पण घरात एक गोष्ट मोडली. आम्ही हॉस्पिटलातून आलो तेव्हा ट्रंक नव्हती. सासूबाईंनी ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती, उरलेल्या धोतरांसकट. सासऱ्यांची तेवढीच आठवण होती त्यांच्याकडे. आणि त्यानंतर त्यांनी लंगोटाला हात लावला नाही. तीन वर्षांनी मुलगी झाली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवली, म्हटलं, आई, तुमच्यासारखा त्रिकोण मला जमत नाही. त्या मागे सरकल्या. "तूच बघ गो. माझो हात नको." नणंद प्रत्येक बारशाला, प्रत्येक डोहाळजेवणाला ती गोष्ट सांगायची, "आमच्या आईने तर पोराला घालवलंच होतं." सगळे हळहळायचे, सासूबाई पानाला चुना लावत बसायच्या. मी स्वयंपाकघरात जायचे. दर वेळी ठरवायचे, आज सांगते. दर वेळी वाटायचं, आता सांगितलं तर म्हणतील, इतके दिवस का नाही बोललीस? आणि जितके दिवस जात होते तितकं त्या प्रश्नाचं उत्तर कठीण होत होतं. नवऱ्यालाही मी सांगितलं नाही.

सोळा वर्षं अशी काढली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. बुद्धी शाबूत, जीभ शाबूत, कमरेखालचं गेलं. असेच पावसाचे दिवस होते. मी माझ्या जुन्या सुती साड्या टरकवल्या, कात्री न लावता. तीनदा धुतल्या, तिन्हीदा वाळवल्या, इस्त्री केली, प्रत्येक घडीचा वास घेऊन पाहिला. त्रिकोण करून त्यांच्याखाली सरकवताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. त्यांना लाज वाटत असेल असं मला वाटायचं. पण त्या निवांत वर बघत पडलेल्या असायच्या. पलंगावरून स्वयंपाकघरातली दोरी दिसायची.

एक दिवस मी त्यांना बदलत होते. त्या दोरीकडे बघत म्हणाल्या, "आज अकराच गो. कालचे दोन खंय?"

मी म्हटलं, "शेगडीवर आहेत आई." आणि मग हात थांबले. त्या मोजत होत्या. पडल्या पडल्या दोरी मोजत होत्या. माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "आई, ते धोतराचे लंगोट मी धुतले नव्हते. तुम्ही सांगितलं होतं. मी खोटं बोलले."

त्या दोरीकडेच बघत राहिल्या. "माका तेव्हाच म्हायत होता."

"कसं?"

"त्या दिसा दोरयेर त्यातलो एकय तुकडो नव्हतो. मी रोज मोजी."

"मग बोलला का नाहीत? डॉक्टरांपुढे, ताईंपुढे? सगळं स्वतःवर घेतलंत!"

"तू ओली बाळंतीण. पोर पेटयेत, आणि तुझा दूध तेवढाच त्येचा बळ." त्या दम खायला थांबल्या. "तेव्हा बोललंय असतंय, तर तुझा दूध आटला असता. पोराक मगे काय दिला असता?"

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"मगे वाट बघलंय. तू सांगतलंस म्हणान."

माझ्या हातात त्यांचं ओलं कापड तसंच होतं. हॉस्पिटलात पाच दिवस मी रडले नव्हते, घरी आल्यावरही रडले नव्हते. आता हुंदका आला तो थांबेचना. शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून मी तेच कापड तोंडाशी नेलं. सासूबाईंनी हात लांबवला, ते कापड माझ्या हातातून काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"रड गो," त्या म्हणाल्या. "आता काय आटूचा नाय."